प्रोग्रॅमिंग शिकू की माणूस नेमू?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. काही वर्षांपूर्वी वाशीच्या बाजारात माल पाठवणं कमी केलं आणि पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पेट्या पाठवायला सुरुवात केली. ऑर्डरी वॉट्सॲपवर येतात, त्या मी वहीत उतरवते. पैसे यूपीआयने येतात. कोणाचे आले, कोणाचे राहिले ते रात्री बसून जुळवते. एप्रिलमध्ये हे सगळं हाताबाहेर जातं. पत्ते चुकतात, एकाच ऑर्डरची पेटी दोनदा जाते, एखादं गिऱ्हाईक राहूनच जातं. ओळखीच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने ‘तुमचं स्वतःचं ॲप करून देतो’ म्हणत दीड लाखाचा आकडा सांगितला. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘आई, आता एआय आहे, तूच शीक, पैसे घालवू नकोस.’ माझं बी.कॉम. झालंय, कॉम्प्युटर वापरता येतो. मी प्रोग्रॅमिंग शिकावं की माणूस नेमावा? एआयच्या भरवशावर राहावं का? आणि माणूस नेमलाच, तर काय बघून नेमावा?

— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर. यंदा ॲपसाठी दीड लाख घालू नका आणि प्रोग्रॅमिंगचा कोर्सही लावू नका. या पावसाळ्यात स्प्रेडशीट मन लावून शिका. येणारा हंगाम तिच्यावर काढा. त्यातून जे काम उरेल तेवढ्यासाठीच माणूस नेमा, तोही लेखी करार करून. छापखाना, बेकरी, क्लासेस, मंडप-केटरिंग अशा अनेक छोट्या व्यावसायिकांपुढे आज हाच प्रश्न आहे, म्हणून कारणं सविस्तर देत आहे.

स्वतः शिकलेल्यांचं काय झालं?

घरच्या धंद्यासाठी घरच्याच माणसाने सॉफ्टवेअर लिहिल्याची दोन मोठी उदाहरणं आपल्या देशात आहेत. पहिलं टॅलीचं. श्यामसुंदर गोएंका बंगळूरुमध्ये गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. आज गावोगावच्या अकाउंटंटकडे दिसणारी टॅली ती हीच. भरत गोएंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरं उदाहरण मुंबईचं. रुषभ मेहता यांच्या घरी फर्निचरचा व्यवसाय होता. त्यासाठी आणलेली संगणक व्यवस्था नीट बसली नाही, तेव्हा ते स्वतः कोड लिहायला लागले. २००८ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर पुढे सगळ्यांसाठी खुलं केलं. ते आज कोणालाही मोफत घेऊन, हवं तसं बदलून वापरता येतं.

दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत आणि ‘धंदेवाल्याला कोड कसा जमणार’ या शंकेला त्या चोख उत्तर देतात. पण दोन्हींचा शेवटही पाहा. दोन्ही ठिकाणी पुढे सॉफ्टवेअर हाच मुख्य व्यवसाय झाला. पैसे, पत्ते आणि साठा बिनचूक सांभाळणारी व्यवस्था लिहिणं आणि ती वर्षानुवर्षं चालती ठेवणं हे पूर्ण वेळचं काम आहे. तुम्हाला सॉफ्टवेअरचा धंदा करायचा असेल तर जरूर त्या वाटेने जा. आंबाच विकायचा असेल, तर तुमचा वेळ बागेत, अढीत आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यात जास्त मोलाचा आहे.

त्यात तुमचा मुख्य हंगाम मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा. इतर दुकानदाराला आज झालेली चूक उद्या सुधारता येते. तुमची व्यवस्था एप्रिलमध्ये कोलमडली तर सुधारलेली व्यवस्था तपासायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. म्हणून ॲप स्वतः लिहा किंवा लिहून घ्या, आधी एकच प्रश्न विचारा : अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री ते बंद पडलं, तर कोण दुरुस्त करणार? ज्या व्यवस्थेसाठी या प्रश्नाच्या उत्तरात कोणाचं नाव घेता येत नाही, ती हंगामात वापरायची नाही.

सॉफ्टवेअरवाल्याला काय माहीत नसतं?

आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ च्या ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात एक मुद्दा मांडला, तो आजही तितकाच खरा आहे. सॉफ्टवेअर तयार करताना सगळ्यात अवघड भाग असतो तो नेमकं काय तयार करायचं हे ठरवण्याचा. कोड लिहिणं त्यानंतर येतं.

तुमच्या कामात हे लगेच दिसतं. सॉफ्टवेअरवाला ‘साठा’ म्हटल्यावर आकडा मांडतो : शिल्लक शंभर डझन, दहा विकले, नव्वद उरले. पण तुमच्या अढीतले शंभर डझन एकसारखे नसतात. काही आज उतरवलेले, काही चार दिवसांत तयार होणारे, काही उद्याच पाठवायला हवेत असे. उष्मा वाढला की तारीख अलीकडे येते. फळाच्या वजनाप्रमाणे प्रती वेगळ्या, भाव वेगळे. डागी फळ कॅनिंगला जातं. कोणाला तयार आंबा हवा असतो, कोणाला घरी पिकवायला कच्चा. म्हणजे तुमच्या साठ्याला मापाबरोबर तारीखही आहे, आणि ती तारीख हवेप्रमाणे हलते.

पत्त्याचंही तसंच. सॉफ्टवेअरवाला बहुधा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पत्ता देईल. पण आंब्याच्या धंद्यात एकच माणूस स्वतःसाठी एक पेटी घेतो, मुलीच्या सासरी एक पाठवतो आणि साहेबांच्या घरी एक. पैसे एकाने भरायचे, पेट्या तीन ठिकाणी जायच्या. तुमच्याकडे पत्ते चुकतात ते बऱ्याचदा इथेच चुकत असणार. पत्ता गिऱ्हाइकाच्या नावापुढे न लिहिता प्रत्येक पेटीपुढे लिहायला हवा, हे तुम्हाला कळतं. बाहेरच्या माणसाला ते सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि सांगितलं नाही तर दीड लाखांचं ॲपही हीच चूक करेल, फक्त जास्त वेगाने.

म्हणून माझं ठाम म्हणणं असं : कोड दुसऱ्याचा असला तरी चालतो, पण कामाची मांडणी आणि माहितीची मालकी आपलीच हवी. ही मांडणी शिकण्याचं सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित साधन म्हणजे स्प्रेडशीट.

पावसाळ्यात काय शिकायचं?

स्प्रेडशीटचा जन्मच मुळी प्रोग्रॅमर नसलेल्या माणसांसाठी झाला. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क बाजारात आलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलू लागले, आणि छोट्या व्यावसायिकांना घरगुती संगणक घ्यायला कारण मिळालं. एक्सेल, गूगल शीट्स आणि मोफत मिळणारं लिबरऑफिस कॅल्क ही त्याच घराण्यातली.

तुमच्यासाठी चार पानं पुरेत. ‘गिऱ्हाईक’ या पानावर फोन नंबर आणि नाव. नावं सारखी असू शकतात, म्हणून ओळख फोन नंबरवरून ठेवा. ‘पेट्या’ या पानावर प्रत्येक पेटीची स्वतंत्र ओळ : ऑर्डर क्रमांक, कोणाची ऑर्डर, कुठल्या पत्त्यावर, कोणती प्रत, तयार की कच्चा, कधी हवी, कधी गेली. ‘पैसे’ या पानावर रक्कम, तारीख, ऑर्डर क्रमांक आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. गिऱ्हाइकाला पैसे पाठवताना सूचनेच्या जागी ऑर्डर क्रमांक लिहायला सांगा, म्हणजे रात्रीची जुळवाजुळव निम्म्यावर येईल. चौथं पान ‘अढी’ : कोणत्या तारखेला किती डझन घातले, कोणती प्रत, कधी तयार होण्याचा अंदाज.

एकाच ऑर्डरची पेटी दोनदा जाते, कारण ऑर्डर वहीत, चॅटमध्ये आणि पॅकिंग करणाऱ्याच्या चिठ्ठीवर अशी तीन ठिकाणी असते. ‘कधी गेली’ हा रकाना एकाच ठिकाणी असेल आणि पेटी टेम्पोत चढताना तिथेच तारीख पडेल, तर दुसरी पेटी निघण्याआधी ते दिसेल. हा नियम पाळायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, शिस्त लागते. ती घरातल्या सगळ्यांना लावावी लागेल.

स्प्रेडशीटमधल्या पाच गोष्टी शिका : ठरलेल्या यादीतूनच निवड करायला लावणं, गाळणी लावून हवं तेवढंच पाहणं, एका पानावरची माहिती दुसऱ्या पानावर शोधून आणणारं सूत्र, दुहेरी नोंद रंगवून दाखवणं आणि नोंदींचा गोषवारा काढणारं पिव्होट टेबल. जोडीला गूगल फॉर्म, म्हणजे गिऱ्हाईक पत्ता स्वतःच भरेल आणि उतरवून घेतानाच्या चुका टळतील. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीतून मोफत आहेत. तुमच्या बी.कॉम.ची पायाभरणी इथे कामी येईल. रोज तासभर दिलात तर गणपतीपर्यंत हे सगळं हाताखाली येईल.

स्प्रेडशीटच्या मर्यादाही माहीत असू द्या. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या नोंदींतून कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजायचे राहून गेले. माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती आणि अशा फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. तुमच्या पेट्या तेवढ्या होणार नाहीत. पण फाइलने काही न सांगताही माहिती गळू शकते, एवढं ध्यानात ठेवा. रोज रात्री एक प्रत वेगळी साठवा आणि गेलेल्या पेट्यांचा आकडा ट्रान्सपोर्टच्या पावत्यांशी ताडून पाहा.

तयार मिळतं ते तयारच घ्या

काही कामं स्वतः लिहायची नसतात आणि लिहून घ्यायचीही नसतात. हिशेब आणि जीएसटी हे त्यातलं पहिलं. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण पल्प, आंबापोळी, सरबत यांवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून देशभरात जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले. तयार हिशेब-सॉफ्टवेअरच्या कंपन्या असे बदल आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकदाच करतात. स्वतःचं असतं, तर प्रत्येक बदलासाठी तुम्हालाच माणूस शोधावा लागला असता. पैसे स्वीकारण्याची यंत्रणाही तयारच घ्यावी. आणि २०१८ पासून मिळणारं वॉट्सॲप बिझनेस तुम्ही वापरत नसाल, तर आजच सुरू करा. ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे आले’, ‘पेटी गेली’ अशी लेबलं त्यात मोफत लावता येतात.

मुलगा म्हणतो ते कितपत खरं?

बरंच खरं आहे. सूत्र चुकत असेल, मराठीत लिहिलेल्या पत्त्यातून पिनकोड वेगळा काढायचा असेल, शीटमधून पेटीवर चिकटवायची चिठ्ठी तयार करायची असेल, तर एआय उत्तम मदत करतं आणि न कंटाळता समजावून सांगतं. शिकण्यासाठी त्याचा भरपूर वापर करा. पण तुम्ही जे विचारायला विसरलात ते एआय सहसा सांगत नाही. एकाच गिऱ्हाइकाच्या ऑर्डरला तीन पत्ते असू शकतात हे तुम्ही बोलला नाहीत, तर त्याने लिहिलेला प्रोग्रॅमही एकच पत्ता ठेवेल आणि दिसायला सगळं ठीक दिसेल.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतला एक उद्योजक रेप्लिट या सेवेतल्या एआयकडून ॲप बनवून घेत होता. काहीही बदलू नकोस, असं बजावलेलं असतानाही त्या एआयने चालू डेटाबेसच पुसून टाकला. पुढे ती माहिती परत मिळवता आली, पण आपण धडा घ्यायचा तो असा : माहितीची एकमेव प्रत एआयच्या हाती कधीही द्यायची नाही. प्रयोग नेहमी नकलेवर करा, आणि त्यात खऱ्या गिऱ्हाइकांची नावं-नंबर ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती जपण्याची जबाबदारी व्यवसायावर टाकली आहे, आणि काम दुसऱ्याला सोपवलं म्हणून ती आपल्यावरची उतरत नाही.

मुलाने स्वतः काही लिहून दिलं तर आनंदाने वापरा. पण उद्या तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जाईल, त्याची एप्रिलमध्ये परीक्षा असेल. म्हणून त्यालाही सांगा : काय केलंस ते साध्या मराठीत लिहून ठेव, आणि तुझ्याशिवाय ते चालवून दाखव.

माणूस कधी नेमायचा?

त्याच्या तीन खुणा सांगतो, त्या हंगामातच दिसतील. एक, दोन-तीन माणसं एकाच वेळी शीटमध्ये लिहितात आणि एकमेकांच्या नोंदी बिघडवतात. दोन, ‘माझी पेटी कुठे आहे’ या फोनांना उत्तर देण्यातच दिवस जातो, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतः पाहता येईल अशी सोय हवी. तीन, एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी हाताने उतरवण्यात रोज तास-दोन तास जातात. यातली एकही खूण दिसली नाही, तर ॲपची गरज नाही. दिसली, तर त्या एका दुखण्यापुरतंच काम द्या.

आणि काम देताना या गोष्टी पाहा.

मालकी लेखी घ्या. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्येच मोडतो आणि त्याचा पहिला मालक असतो तो लिहिणारा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर मालकी नोकरी देणाऱ्याची. पण बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं, तर सगळे पैसे चुकते करूनही कोड आपोआप तुमचा होत नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आखाती देशांत पेट्या पाठवायचा विचार असेल तर हे शब्द महत्त्वाचे ठरतील. करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

खाती स्वतःच्या नावावर काढा. वेबसाइटचं नाव, सर्व्हर, प्ले स्टोअरचं खातं, कोड ठेवण्याची जागा, हे सगळं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरवर हवं. सॉफ्टवेअरवाल्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या. भांडण झालं, तो गाव सोडून गेला किंवा आजारी पडला, तरी धंदा थांबता कामा नये.

माहिती कधीही बाहेर काढता यावी. सगळी गिऱ्हाइकं, पेट्या आणि पैसे एका क्लिकवर स्प्रेडशीटमध्ये उतरवता आलेच पाहिजेत, ही अट पहिल्या दिवशी घाला. मग ॲप बंद पडलं तरी त्या रात्री तुम्ही शीटवर परत येऊ शकता, आणि अक्षय्य तृतीयेच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं.

देखभालीचे पैसे आधी ठरवा. लोकांच्या वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीवर, ते तयार करायच्या खर्चाच्या चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त खर्च होतो, असं ब्रूक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्या हिशेबाने दीड लाखाचं ॲप पुढे आणखी साठ हजार तरी मागेल. दर वर्षी किती द्यायचे आणि हंगामात फोन केल्यावर किती तासांत माणूस हजर व्हायला हवा, हे करारात असू द्या.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पहिला टप्पा छोटा ठेवा : फक्त पेट्यांच्या नोंदी आणि चिठ्ठ्या. तो गेल्या हंगामाच्या खऱ्या ऑर्डरींवर चालवून पाहा. सगळं काम जानेवारीअखेर पूर्ण हवं. फेब्रुवारीत पहिल्या पेट्या निघायला लागल्यावर नवीन काही जोडू देऊ नका.

मग प्रोग्रॅमिंग कोणीच शिकू नये का?

ज्याला त्यात गोडी वाटते त्याने नक्की शिकावं. स्प्रेडशीटवर हात बसल्यावर सूत्रांच्या पुढे काय, असं कुतूहल तुम्हालाही वाटू लागलं, तर गूगल शीट्समधली ॲप्स स्क्रिप्ट किंवा पायथॉन ही चांगली सुरुवात आहे. अल स्वाइगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन’ हे पुस्तक कचेरीत काम करणाऱ्या माणसांसाठीच लिहिलेलं आहे आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतं. एवढ्याने बँकेचं स्टेटमेंट आणि ‘पैसे’ हे पान आपोआप जुळवण्यासारखी कामं जमतील. लोकांचे पैसे घेणारं ॲप मात्र त्या जोरावर उघडू नका. शिकण्याचा आणखी एक फायदा होईल : सॉफ्टवेअरवाला बोलत असताना कोणतं काम खरंच अवघड आहे आणि कोणतं दोन तासांचं, याचा अंदाज तुम्हाला यायला लागेल. ती समज पैशाने विकत मिळत नाही.

आता वेळापत्रक. जून ते ऑगस्ट शिकणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेल्या हंगामाची वही चार पानांत उतरवणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण मांडणीतल्या चुका त्यातच सापडतील. मोहोर येईपर्यंत घरातल्या सगळ्यांना शीट वापरायची सवय लावणं. आणि हंगाम सुरू झाला की पाचवं पान उघडा : ‘हाताने करावं लागलं’. जे जे शीटमध्ये बसलं नाही, ज्यासाठी रात्री जागावं लागलं, ते तारखेसह त्यात लिहीत जा. मेअखेर त्या पानावर दोन-तीनच नोंदी असतील, तर दीड लाख बागेत घाला. पानभर असतील, तर तेच पान घेऊन सॉफ्टवेअरवाल्याकडे जा. त्याने सांगितलेला आकडा रास्त आहे की नाही, हे तेव्हा तुम्हाला कोणालाही न विचारता ठरवता येईल.